हळ्ळ, ओढा आणि श्रमदान

गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींची यादी आपल्या घरातल्या आजींना तोंडपाठ असे. दूर्वा, आघाडा, शमी, बेल ही नावे आपणही सांगू. पण त्याच यादीत माका आहे, अर्जुनसादडा आहे आणि केवडा आहे. माका ओलसर बांधावर उगवतो, अर्जुनसादडा नदीच्या काठाला धरून उभा राहतो आणि केवड्याला ओढ्याकाठची दलदल लागते. मूर्ती मातीची आणि विसर्जन वाहत्या पाण्यात. म्हणजे ज्यांनी हा उत्सव बसवला त्यांनी गावाजवळ एक जिवंत ओढा, एक तळे आणि त्याच्या काठची झाडी असणारच, असे गृहीत धरले होते. आज ही पत्री बाजारात दोऱ्याने बांधलेल्या जुडीत मिळते आणि ती कुठून आली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी थोरांची चरित्रे आणि देवस्थानांची माहिती येतच असते. यंदा आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. ओढे, तळी, पाणथळ जागा नीट राहाव्यात म्हणून मजुरी न घेता राबलेल्या माणसांचा हा इतिहास आहे. तो आपल्या भागाचा आहे, महाराष्ट्राचा, कर्नाटकाचा आणि गोव्याचाही आहे. संकेश्वरसारख्या गावात तिन्ही राज्यांचे रस्ते एकत्र येतात. निलगार गणपतीच्या दर्शनाला तिन्हीकडची माणसे येतात. तेव्हा हा इतिहास तिन्हीकडचा एकत्र मांडणे आपल्याला परके वाटू नये.

आपली नदी

सुरुवात घरापासून करू. हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात, महादेवाच्या मंदिराजवळच्या गुहेतून निघते. आजरा, गडहिंग्लज करीत ती संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेत जाते. उगम सिंधुदुर्गात, बालपण कोल्हापूर जिल्ह्यात आणि संसार बेळगाव जिल्ह्यात, असे आपल्या कितीतरी सुनांसारखे या नदीचे आहे. तिला एका गावात ओढा मिळतो, दुसऱ्या गावात हळ्ळ मिळते. दोन्हींचे पाणी तेच.

उगमाजवळच्या कुंडात २०२० साली माशाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि तिला नदीचेच नाव दिले, ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’. बोटभर लांबीचा हा मासा स्वच्छ, गार, वाहत्या पाण्यातच राहतो. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवळाच्या पावित्र्यामुळे कुंडात कोणी जाळे टाकत नव्हते, घाण करीत नव्हते, म्हणून तो मासा टिकला. त्याच नदीचे पाणी आपल्या घाटापर्यंत येते तेव्हा त्याची काय अवस्था असते, हे वेगळे सांगायला नको. सांडपाणी येते, प्लॅस्टिक येते आणि गणपतीनंतरच्या आठवड्यात निर्माल्याचे ढीग येतात.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनी तर आपल्याला चांगलाच धडा दिला. वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. हिरण्यकेशीने संकेश्वरच्या सखल भागातल्या घरांत शिरकाव केला. पाऊस जास्त झाला हे खरेच. पण ओढ्याच्या पात्रात उभी राहिलेली बांधकामे आणि बुजलेली तळी यांनी पाण्याला जायला जागा ठेवली नव्हती, हेही तितकेच खरे. चार महिन्यांनी त्याच ओढ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. पूर आणि टंचाई ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

केरे, कोडगी आणि नीरगंटी

कानडी मुलखात तळ्याला केरे म्हणतात. कर्नाटकात अशी सुमारे ३६ हजार तळी असल्याचे सांगितले जाते. यांतली बरीचशी राजांनी, सरदारांनी, व्यापाऱ्यांनी, देवस्थानांनी आणि काही गावकऱ्यांनी बांधली. जुन्या शिलालेखांत तळे बांधल्याच्या नोंदींबरोबर ते राखण्याच्या नोंदीही आढळतात, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. तळे बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला करमुक्त जमीन मिळे, तिला कोडगी म्हणत. तळ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचा काही वाटा त्याला देण्याच्या प्रथेला बित्तुवट्ट असे नाव होते. गाळ ओढण्याच्या गाड्यासाठी आणि त्याच्या जनावरांसाठीसुद्धा दान दिल्याचे लेख आहेत. तळे बांधून फीत कापली की काम संपले, असे त्या काळी कोणी मानत नव्हते.

उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी गाळ काढून आपल्या रानात टाकत. गाळ म्हणजे वरच्या डोंगराची वाहून आलेली सुपीक माती. त्यामुळे तळे खोल होई आणि रान कसदार होई. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी फायद्याचा असल्याने त्यासाठी कोणाला सक्ती करावी लागत नसे.

पण सगळे चित्र असे गोड नव्हते. पाणी सोडणारा, तूब उघडणारा, रात्री बांधावर जागणारा माणूस म्हणजे नीरगंटी. बहुतेक ठिकाणी तो गावकुसाबाहेरचा असे. पाण्याचे वाटप त्याच्या हाती असे, पण त्याच पाण्यावर त्याचा स्वतःचा हक्क मर्यादित असे. बांध फुटला तर वेठीला धरले जात ते याच वस्तीतले लोक. कन्नडमध्ये ‘केरेगे हार’ नावाची एक लोकगाथा आहे. तळ्याला पाणी लागावे म्हणून घरच्या सुनेचा, भागीरथीचा, बळी देण्याची ही कथा आजही ऐकताना अंगावर काटा येतो. गावाच्या पाण्याची किंमत कोणाला मोजावी लागत होती, हे ती गाथा सांगून जाते. म्हणून जुन्या व्यवस्थेचे कौतुक करताना वेठ आणि दान यांतला फरक विसरता येत नाही. श्रमदान हा शब्द आपल्या काळात आला तो याच फरकासाठी.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. नदीवर लहान बंधारे, त्यांतून निघणारे पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. प्रत्येक फडात एकच पीक घ्यायचे आणि पावसाळ्यानंतर सर्व भागधारकांनी मिळून पाट साफ करायचा, अशी रीत होती. पाटकरी, जागल्या असे कामगार गावच नेमी. सरकारी खाते नसताना हे शेकडो वर्षे चालले.

गोव्यातली खाजन शेती हा तर पाणथळ जमीन सांभाळण्याचा नमुनाच. खाडीच्या भरतीचे खारे पाणी अडवायला मातीचे बांध, पाणी आत-बाहेर सोडायला मानस म्हणजे लाकडी दारे, आत खारे सोसणारा कोरगुट भात आणि पाण्यात मासळी. गावकरी मंडळ बांधांची देखभाल करी. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होई आणि त्या पैशातून बांध दुरुस्त होत. पोर्तुगीजांनी त्याच गावकरीला कोमुनिदाद असे नाव दिले. गोवा मुक्त झाल्यावर कुळांच्या हक्कांचे कायदे आले, ते न्यायाचेच होते. पण बांधाची जबाबदारी मंडळाकडून कुळांच्या संघटनांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती मधेच सुटली. बांध फुटले, शेतात खारे पाणी शिरले आणि पडीक खाजनात खारफुटी उगवली. मालकी बदलताना देखभालीचे काय, हा प्रश्न तेव्हाही कोणी नीट विचारला नव्हता.

दुष्काळी कामे आणि धुपदाळ

इंग्रजी अमलात तळी आणि पाट सरकारी झाले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्या भागाने फार सोसला. दुष्काळी कामांवर लाखो माणसे माती उपसत होती. त्यांची मजुरी कमी केली तेव्हा मुंबई इलाख्यात मजुरांनी काम बंद केले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने ती गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. हे कष्ट पाण्यासाठी होते, पण स्वेच्छेचे नव्हते. पोटासाठी होते.

त्यानंतरच्या दोन दशकांत घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा उभा राहिला आणि गोकाकचा कालवा निघाला. बंधाऱ्यामागे हळूहळू गाळ साचला, बेटे तयार झाली, पाणगवत वाढले. त्या उथळ पाण्यात मध्य आशियातून हिमालय ओलांडून कांड्या करकोचे येऊ लागले, पांढरे करकोचे येऊ लागले. १९७४ मध्ये तिथे घटप्रभा पक्षी अभयारण्य जाहीर झाले. नाशिक जिल्ह्यात गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वरची कथाही अशीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीचा बंधारा, त्यामागचा गाळ आणि त्यावरची पाणपाखरे. आज ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ आहे. माणसाने एका हेतूने बांधले आणि निसर्गाने त्यातून दुसरेच घडवले. या मुद्द्याकडे आपण पुढे परत येणार आहोत.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले आणि १९०९ मध्ये भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले. नंतरच्या काळात आपल्या नद्यांवर जागोजागी दिसणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. पावसाळा संपला की फळ्या घालायच्या आणि पावसाळ्याआधी काढायच्या, ही साधी युक्ती. पण फळ्या वेळेवर घालायला आणि काढायला माणसे लागतात. जिथे गावकरी लक्ष घालतात तिथे बंधारा काम करतो. नाही तर फळ्या कुजतात किंवा चोरीला जातात आणि उरलेल्या खांबांत पुराचा कचरा अडकतो.

श्रमदान हा शब्द

गाडगेबाबा कुठल्याही गावी गेले की आधी खराटा हातात घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. सार्वजनिक जागा आपल्या हाताने झाडण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी कीर्तनापेक्षा खराट्याने जास्त शिकवले. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि श्रमदान हा शब्द सरकारी कागदावर आला. रस्ते, विहिरी, शाळांच्या खोल्या श्रमदानातून झाल्या. काही ठिकाणी मनापासून झाल्या, काही ठिकाणी साहेब येणार म्हणून झाल्या.

बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकांनी त्या सात दिवसांच्या शिबिरात पहिल्यांदा हातात कुदळ धरली असेल. आमच्या पिढीला पाणलोट, समतल चर, वनराई बंधारा हे शब्द तिथेच कळले. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढ्यात आडवी रचायची, हा तो वनराई बंधारा. खर्च नाही म्हटले तरी चालेल, पण दोन-तीन महिने पाणी थांबते आणि आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागतो.

१९७२ नंतर

महाराष्ट्राच्या पाण्याच्या इतिहासात १९७२ चा दुष्काळ हे मोठे वळण आहे. रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव झाले. पण काही माणसांनी वेगळा प्रश्न विचारला. पाणी अडवले, आता ते कोणाचे?

विलासराव साळुंखे हे पुण्याचे उद्योजक. त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला माळरान घेऊन प्रयोग केला आणि पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस घ्यायचा नाही. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतले आणि श्रमदानातून नाले अडवले गेले. पोपटराव पवार १९८९ मध्ये हिवरे बाजारचे सरपंच झाले. तिथे गावाने बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही असे ठरवले आणि पडलेल्या पावसाच्या हिशेबाने पिके ठरवायला सुरुवात केली. या तिन्ही ठिकाणी फावड्याइतकाच नियम महत्त्वाचा ठरला. आपल्या भागातल्या, उसावर उभ्या असलेल्या मंडळींना हे नियम ऐकायला अवघड वाटतात. पण ते नियम मोडून यशस्वी झालेले दुष्काळी गाव आम्हाला तरी दाखवता येणार नाही.

सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले. वाळूचा बेसुमार उपसा होऊन नदी कोरडी पडत होती. लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने ठेकेदारांचा उपसा रोखला, थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला, हितचिंतकांनी बिनव्याजी कर्जे दिली, अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक मार्गदर्शन केले आणि शहरांतले विद्यार्थी सुट्टीत येऊन राबले. भूमिहीनांना आणि स्त्रियांनाही पाण्याचा हक्क देण्याचे ठरले. नदीतली वाळू म्हणजे पाणी धरून ठेवणारा स्पंज, हे तेव्हा लोकांनी अनुभवातून ओळखले होते.

सरहद्दीवरची अग्रणी आणि कोप्पळची हिरेहळ्ळ

आपल्याला जवळचे उदाहरण अग्रणीचे. सांगलीच्या खानापूर तालुक्यात उगम पावून तासगाव, कवठेमहांकाळ करीत ही नदी आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात येते आणि कृष्णेला मिळते. पात्र झुडपांनी आणि अतिक्रमणांनी इतके बुजले होते की इथे नदी होती हे नव्या पिढीला सांगावे लागे. २०१३ च्या सुमारास ग्रामस्थ, जलबिरादरीचे कार्यकर्ते आणि प्रशासन एकत्र आले. आधी पदयात्रा झाली, गावसभा झाल्या, पात्राची मोजणी झाली आणि मग कामे झाली. काही शेतकऱ्यांनी नदीची जमीन नदीला परत दिली. आमच्या दृष्टीने या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा त्याग हाच. फावडे चालवणे सोपे, बांध मागे घेणे कठीण.

कर्नाटकात २००२ मध्ये जलसंवर्धन योजना संघ स्थापन झाला आणि तळ्यांची देखभाल गावाच्या समित्यांकडे देण्याचा प्रयत्न झाला. धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेने ‘नम्मूरु नम्म केरे’, म्हणजे आमचे गाव आमचे तळे, या नावाने तळ्यांचा गाळ काढण्याची कामे हाती घेतली. २०१९ मध्ये कोप्पळच्या गवीमठाच्या अभिनव गविसिद्धेश्वर स्वामीजींच्या पुढाकाराने हिरेहळ्ळ हा तुंगभद्रेला मिळणारा ओढा वीसहून अधिक किलोमीटर साफ झाला. स्वामीजी स्वतः पात्रात उतरले म्हटल्यावर भक्त कसे थांबतील? पंजाबात संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० साली १६० किलोमीटरची काली बेईं नदी कारसेवेने स्वच्छ करायला घेतली, तिथेही हेच घडले. आपल्या देशात धर्मस्थानाचा शब्द आणि लोकांचे हात एकत्र आले की मोठे काम होते.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत श्रमदानाला जत्रेचे रूप दिले. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. साताऱ्याकडचे वेळू गाव पहिले आले. नंतर वर्ध्याचे काकडदरा, माणमधले टाकेवाडी आणि बार्शीचे सुर्डी ही गावे जिंकली. ८ एप्रिल ते २२ मे, असे पंचेचाळीस दिवस भर उन्हाळ्यात माणसे पहाटे कुदळी घेऊन निघत. १ मेला शहरांतून जलमित्र येत. गावातली वर्षानुवर्षांची भांडणे या निमित्ताने मिटल्याचे तिथले लोक सांगतात.

यंत्र आले आणि प्रश्नही आले

मग जेसीबी आला. महिन्याचे काम दिवसात होऊ लागले. त्याचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. पण नाला खोल आणि सरळ करणे म्हणजे नाला जिवंत करणे, असा एक समज त्यातून पसरला. जलयुक्त शिवार योजनेत अशा खोलीकरणावर अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी न्यायालयात दाद मागितली होती, ती याच मुद्द्यावर.

आम्ही स्थापत्याची पदविका घेऊन सरकारी नोकरीत आलो तेव्हा पाणी लवकर वाहून नेणे म्हणजे चांगले काम, असेच शिकलो होतो. गटाराला तो नियम बरोबर आहे. ओढ्याला तो लागू नाही. ओढ्याची वळणे पाण्याचा वेग कमी करतात. डोहात उन्हाळ्यात मासे तग धरतात. काठावरचे करंज, उंबर, जांभूळ, अर्जुनसादडा मुळांनी माती धरतात. तळाशी वाळू-गोटे पाणी मुरवतात. हे सगळे खरवडून सरळ खंदक केला की पूर खालच्या गावात लवकर पोहोचतो आणि पाणी मुरत नाही.

अमेरिकेने हा धडा फार महागात घेतला. फ्लोरिडातली किसिमी नदी सुमारे १६६ किलोमीटर नागमोडी वाहत होती. पूर टाळण्यासाठी १९६२ ते १९७१ या काळात ती सरळ करून सुमारे ९० किलोमीटरचा कालवा केला. पाणथळ जमिनी सुकल्या, पक्षी गेले. मग १९९९ पासून कालव्याचा काही भाग बुजवून नदीला पुन्हा वळणे देण्याचे काम सुरू झाले आणि ते २०२१ मध्ये पूर्ण झाले. त्या देशात आज हौशी माणसे तंबू घेऊन डोंगरात जातात आणि ओढ्यांत मुद्दाम ओंडके व दगड ठेवतात. पाणी अडखळावे, पसरावे, मुरावे यासाठी. आपले शेतकरी ताल आणि दगडी बांध घालत ते याहून वेगळे काय होते?

धुपदाळची आठवण इथे होते. गाळ दिसला की काढा, हा नियम तिथे लावला तर करकोचे कुठे उतरतील? गावच्या तळ्यातला गाळ काढावा, तो शेतात टाकावा. पण पाखरांच्या उथळ पाण्याला, दलदलीला हात लावण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे-हेवाळे इथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची एक दुर्मीळ दलदल आहे. गावकऱ्यांनी ती देवराई म्हणून राखली आणि २०२१ मध्ये तिला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे लोकांनी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे त्या जागेला हात न लावणे.

आपण काय करू शकतो

या इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी कळतात. पहिली, बांधणे सोपे आणि राखणे अवघड. म्हणून जुन्या लोकांनी राखणाऱ्यासाठी आधी जमीन काढून ठेवली. दुसरी, काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे. डोंगर मोकळा ठेवून खाली बंधारा बांधला तर तो गाळानेच भरणार. तिसरी, पाण्याचा वाटा सर्वांना नसेल तर श्रमाचा वाटाही सर्वांकडून मिळत नाही.

थोडे हिशेबाने बोलू. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल समतल चराचा एक मीटर तुकडा एका वेळी १८० लिटर पाणी धरतो. पन्नास माणसांनी एका सकाळी प्रत्येकी तीन मीटर चर काढला तर १५० मीटर होतो, म्हणजे एका भरण्याला २७ हजार लिटर. पावसाळ्यात तो अनेकदा भरतो आणि मुरतो. आपल्या मंडळाच्या आरतीला एका संध्याकाळी पन्नासहून जास्त माणसे जमतात. तेव्हा माणसे नाहीत ही सबब आपल्याला नाही.

आमच्या मित्रमंडळींनी गेली काही वर्षे विसर्जनाच्या दिवशी घाटावर थांबून निर्माल्य वेगळे गोळा करण्याचे काम चालवले आहे. फुले-पत्री खतासाठी आणि प्लॅस्टिक, थर्माकोल वेगळे. पहिल्या वर्षी लोक निर्माल्य द्यायला कचरत होते. ‘देवाचे कचऱ्यात टाकणार का?’ असे एका काकूंनी विचारलेही. त्यांना सांगितले, काकू, हे झाडांच्या बुंध्याशी जाणार आहे. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः शेजारच्या चार घरांचे निर्माल्य गोळा करून आणले. एवढ्याने नदी स्वच्छ होत नाही, हे आम्ही जाणतो. सांडपाण्याचा प्रश्न नगरपालिकेच्या पातळीवर आणि दोन राज्यांच्या पातळीवरच सुटेल. गडहिंग्लजने सोडलेले आपण पितो आणि आपण सोडलेले गोकाककडची मंडळी पितात. पण ज्या गावाची माणसे वर्षातून चार वेळा नदीत उतरतात, त्या गावाचे म्हणणे अधिकाऱ्यांना टाळता येत नाही. सरकारी नोकरीत राहून आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. अर्ज घेऊन येणाऱ्या एका माणसाला उद्या या म्हणता येते. मोजणीचा नकाशा आणि शंभर सह्या घेऊन आलेल्या गावाला म्हणता येत नाही.

म्हणून मंडळापुढे आमची सूचना साधी आहे. यंदा विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी मंडळाने आपल्या परिसरातला एकच ओढा निवडावा. पहिल्या दिवशी फक्त चालावे, उगमाकडून नदीकडे. सोबत गावातला एखादा जुना शेतकरी घ्यावा, तो मराठी असो की कानडी. कुठे झरा होता, कुठे डोह होता, कुठे बांध होता हे तो सांगेल आणि मुले ते वहीत उतरवतील. दिवाळीपूर्वी पोत्यांचा एक वनराई बंधारा घालावा. उन्हाळ्यात माथ्यावर चर काढावेत आणि पुढच्या जूनमध्ये काठाने अर्जुनसादडा, करंज आणि ओलीच्या जागी केवडा लावावा. आज बाजारातून आणलेली ही पत्री दहा-बारा वर्षांनी आपल्याच ओढ्याची असेल.

ज्या मंडळींना यात यायचे असेल त्यांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. कुदळ, फावडे, घमेले ज्याच्या घरी असेल त्याने आणावे. बाकीची सोय मंडळ करील.

गणपती बाप्पा मोरया!